आधी प्रश्न, मग सर्च

वाचकहो, या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच धागा सारखा दिसला. विद्यार्थ्यांना माहिती भरपूर मिळते पण तिचं करायचं काय ते कळत नाही, आणि हे शिकवायचं कुणी, वर्गातल्या शिक्षकांनी की लायब्ररीतल्या ग्रंथपालांनी, ते मोठ्यांना कळत नाही. मी स्वतः बरीच वर्षं विद्यापीठाच्या लायब्ररीत हेच शिकवत आलेय, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, सांभाळून घ्या.

प्रश्न: मॅडम, मी कॉलेजमध्ये ग्रंथपाल आहे. दरवर्षी पहिल्या आठवड्यात नव्या मुलांना तासभर ओरिएंटेशन देतो. कॅटलॉग कसा बघायचा, ई-जर्नल्स कुठे, पुस्तक किती दिवस मिळतं, सगळं स्लाइडवर दाखवतो. मुलं शांत बसतात. पण सेमिस्टर संपत आलं की तीच मुलं येऊन विचारतात, सर रिसर्च पेपर कुठे मिळतात? माझं काय चुकतंय?

उत्तर: सर, तुमचं शिकवणं चुकत नाहीये, वेळ चुकतेय. पहिल्या आठवड्यात त्या मुलाकडे प्रश्नच नसतो. वर्ग कुठे भरतो, आपल्याशी कोण बोलेल, या गडबडीत तो असतो आणि आपण त्याला डेटाबेसची बटणं दाखवतो. तहान नसताना दाखवलेल्या विहिरीचा रस्ता कुणाच्या लक्षात राहणार?

आपण हे जे शिकवतो, म्हणजे माहिती शोधून, पारखून वापरता येणं, त्याला इन्फर्मेशन लिटरसी म्हणतात. हा शब्द पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालय आयोगासाठी लिहिलेल्या अहवालात वापरला. नंतर त्याच्या कितीतरी व्याख्या झाल्या, पण अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीने १९८९ मध्ये केलेली मला अजूनही सगळ्यात कामाची वाटते, कारण ती शोधण्यापासून सुरूच होत नाही. आपल्याला माहितीची गरज आहे हे ओळखता येणं ही तिची पहिली पायरी, मग शोधणं, मग पारखणं, मग नीट वापरणं. ओरिएंटेशनमध्ये आपण पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उभे राहतो.

मी काय करते ते सांगते. पहिल्या आठवड्यात फक्त दहा मिनिटं घेते. मी कोण, कुठे बसते, कधी यायचं, एवढंच. बाकीचा वेळ राखून ठेवते आणि मग विषय शिकवणाऱ्यांच्या मागे लागते की तुमची पहिली मोठी असाइनमेंट कधी आहे, त्याचा कागद मला आधी द्या. असाइनमेंट दिल्यानंतर साधारण आठवड्याभराने, म्हणजे मुलांनी एकदा स्वतः धडपडून बघितलेलं असतं तेव्हा, तो तास घेते आणि शक्यतो त्या शिक्षकांना सोबत बसवते. शिक्षक वर्गात असले की मुलांना कळतं की हे मार्कांशी जोडलेलं आहे, लायब्ररीवाल्या मॅडमचं उगाच मधलं काहीतरी नाही.

तासाची पहिली दहा मिनिटं कॉम्प्युटर बंद. प्रत्येकाने आपला प्रश्न कागदावर लिहायचा, पूर्ण वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह. शेजाऱ्याशी कागद बदलायचा, शेजाऱ्याने सर्चला लागतील असे शब्द अधोरेखित करायचे आणि त्या प्रत्येक शब्दाला दुसरा एखादा शब्द सुचवायचा. मग अर्धा तास ज्याने त्याने आपापलं शोधायचं आणि मी फिरत राहायचं. शेवटी एक फसलेला सर्च मोठ्या पडद्यावर घेते आणि सगळे मिळून तो दुरुस्त करतो. हे फसलेल्या सर्चचं मी मुद्दाम सांगतेय. आपण घरून तयारी करून आणलेला डेमो नेहमी यशस्वी होतो, पहिल्याच फटक्यात छान पाच पेपर येतात, आणि मग मुलाला स्वतःला काही सापडलं नाही की वाटतं आपणच मठ्ठ. त्याला दिसू दे की मॅडमचाही पहिला सर्च वाया जातो आणि त्या शब्द बदलतात, पुन्हा बदलतात.

अजून एक, आणि हे शिक्षकांनाही सांगा. "किमान दहा रेफरन्स पाहिजेत" असं लिहिलं की मुलं दहा मोजतात, वाचत नाहीत. त्याऐवजी एक पानाची शोधवही मागा. कुठे शोधलं, कोणते शब्द वापरले, काय आलं, काय टाकून दिलं आणि का. त्यातलं "का टाकून दिलं" हे एवढंच वाचलं तरी मूल किती शिकलंय ते दिसतं. आणि त्याला मार्क ठेवा, थोडे का होईना, मार्क नसलेली वही कुणी लिहीत नाही.

अमेरिकेतल्या कॉलेज आणि संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० साली कौशल्यांची एक यादी केली होती, ती २०१६ मध्ये मागे घेतली आणि तिच्या जागी सहा मोठ्या कल्पनांची चौकट आणली. त्यातली एक कल्पना मी प्रत्येक वर्गात सांगते, की संशोधन म्हणजे आधीपासून चाललेला संवाद. आपण उशिरा आलोय, आधी कोण काय बोललं ते ऐकायचं, मग आपलं म्हणणं मांडायचं. रेफरन्स का द्यायचा हे मुलांना यातून जितकं पटतं तितकं कॉपीच्या धाकाने पटत नाही.

प्रश्न: मॅडम, मी पहिल्या वर्षाला आहे. "सोशल मीडिया आणि तरुणाई" असा विषय घेतलाय. दोन आठवडे वाचतेय पण सुरुवातीला जेवढं कळत होतं तेवढंही आता कळत नाहीये. विषय बदलू का? लायब्ररीत विचारायची पण लाज वाटते, बाकी सगळ्यांना येतं असं वाटतं.

उत्तर: अगं, विषय बदलू नकोस. जिथे आलीयेस तिथे सगळेच येतात. कॅरल कुल्थाऊ नावाच्या अभ्यासिकेने विद्यार्थी माहिती शोधतात तेव्हा त्यांना काय काय वाटतं याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि त्या प्रवासाचे सहा टप्पे मांडले. काम हातात येतं तेव्हा धाकधूक असते, विषय निवडला की हुरूप येतो, आणि मग वाचायला लागलं की गोंधळ वाढतो. हो, वाढतो! कारण एक पेपर एक सांगतो, दुसरा उलटं सांगतो. त्यानंतरचा टप्पा नेमका प्रश्न ठरवण्याचा असतो आणि तिथून डोकं साफ व्हायला लागतं. तू बरोबर गोंधळाच्या टप्प्यावर आहेस. इथे विषय बदललास तर नव्या विषयात पुन्हा याच ठिकाणी येशील, फक्त दोन आठवडे कमी उरलेले असतील.

तुझी खरी अडचण अशी आहे की "सोशल मीडिया आणि तरुणाई" हा प्रश्न नाहीये, तो एक डोंगर आहे. त्याला चार बाजूंनी कापून बघ. कोणती तरुणाई, शाळेतली की कॉलेजमधली? सोशल मीडिया म्हणजे व्हिडिओ बघणं, की स्वतः पोस्ट टाकणं, की मित्रांशी चॅट? कशावर परिणाम, झोप, अभ्यास, एकटेपणा? कोणत्या काळातला? समजा तू म्हणालीस, वसतिगृहात राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये रात्री झोपायच्या आधी फोन बघण्याचा झोपेशी काय संबंध दिसतो? आता बघ, यातला प्रत्येक शब्द सर्चमध्ये टाकता येतो आणि काय वाचायचं नाही हेही कळतं. दोन आठवडे वाचलंयस ते वाया नाही गेलं, त्या वाचनामुळेच तुला आता कापता येईल.

लाजेचं म्हणशील तर १९८६ मध्ये कॉन्स्टन्स मेलन यांनी हजारो विद्यार्थ्यांच्या लिखाणातून हे तपासलं होतं, आणि ७५ ते ८५ टक्के मुलांनी लायब्ररीत संशोधन सुरू करतानाची भावना भीतीच्याच शब्दांत लिहिली होती. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना येतं, आपल्यालाच येत नाही, आणि विचारलं तर ते उघडं पडेल. म्हणजे तुझ्या शेजारच्या टेबलावरचाही हाच विचार करतोय गं. काउंटरवर जाऊन "मला पेपर पाहिजेत" असं म्हणू नकोस, "माझा प्रश्न असा आहे, मी हे शब्द वापरले आणि मला हे सापडलं" एवढं सांग. ग्रंथपालाला असा विद्यार्थी आला की खरंच आनंद होतो, मी माझ्यावरून सांगतेय.

प्रश्न: मी पदव्युत्तर वर्गाला शिकवतो. यंदा विद्यार्थ्यांच्या रेफरन्स लिस्टमध्ये असे पेपर सापडले जे अस्तित्वातच नाहीत. लेखक खरे, जर्नल खरं, पेपर मात्र नाही. विचारलं तर म्हणतात चॅटजीपीटीने दिले. शिक्षा करावी की शिकवावं?

उत्तर: शिकवा, आणि सुरुवात अशी करा की हे नक्की कसं होतं. चॅटजीपीटीसारखं भाषेचं मॉडेल नुसतं आपल्या आठवणीतून उत्तर देत असतं तेव्हा ते कपाट उघडून पेपर बघत नाही, पुढे कोणता शब्द शोभेल ते ठरवत जातं. त्यामुळे त्याला रेफरन्सचा साचा उत्तम जमतो, त्या विषयात वावरणाऱ्या लेखकाचं नाव जमतं, साल जमतं, आणि तयार होतो तो "असायला हवा होता" असा पेपर. आता काही टूल्स नेटवर शोधून लिंकही देतात, पण त्या लिंकमागच्या पेपरमध्ये खरंच तेच लिहिलंय का हे वाचणाऱ्यालाच बघावं लागतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अनुभवी वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे खटले कोर्टात दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलर दंड भरला. मुलांना ही गोष्ट सांगा.

पण सर, मला एक मोकळेपणाने म्हणायचंय. न वाचलेला पेपर रेफरन्समध्ये टाकणं ही सवय मशिनने आणलेली नाही, ती आपल्याकडे आधीपासून आहे. मी यासाठी वर्गात पालकाच्या भाजीची गोष्ट सांगते. तुम्हीही ऐकली असेल, की पालकात खूप लोह असतं हा गैरसमज एका जुन्या शास्त्रज्ञाच्या दशांश चिन्हाच्या चुकीमुळे पसरला, आकडा दहापट झाला आणि कुणी तपासलाच नाही. १९८१ मध्ये टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ही गोष्ट लिहिली, आधार न देता, आणि मग कितीतरी लेखकांनी ती पुढे नेली, तीही कशासाठी, तर "मूळ स्रोत तपासा" हे सांगण्यासाठी! २०१० मध्ये माइक सटन यांनी खरोखर मुळाशी जायचा प्रयत्न केला तर दशांश चिन्हाची चूक झाल्याचा पुरावाच मिळेना. २०१४ मध्ये ओले ब्यॉर्न रेकडाल यांनी यावर सोशल स्टडीज ऑफ सायन्स या जर्नलमध्ये लेख लिहिला, की अशा दंतकथा विद्वानांमध्ये कशा पसरतात, तर एकाने दुसऱ्याचा रेफरन्स न वाचता उचलला, तिसऱ्याने दुसऱ्याचा. ही गोष्ट सांगितली की वर्ग गप्प होतो, कारण प्रत्येकाने हे केलेलं असतं. आपणही केलेलं असतं.

मग वर्गात एक काम द्या. प्रत्येकाने आपल्या लिस्टमधला एक रेफरन्स दुसऱ्याला तपासायला द्यायचा. तपासणाऱ्याने तीन गोष्टी बघायच्या. डीओआय, म्हणजे पेपराचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, टाकला तर तोच पेपर उघडतो का, त्या जर्नलच्या त्या अंकाच्या अनुक्रमणिकेत तो आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या वाक्यासाठी रेफरन्स दिलाय ते पेपरात नेमकं कोणत्या पानावर आहे. तिसऱ्या प्रश्नावर खऱ्या पेपरांचीही गळती सुरू होते बघा. पुढच्या वेळी लिस्ट लहान येईल आणि वाचलेली येईल. शिक्षेचं म्हणाल तर हे शिकवून झाल्यावरही कुणी तेच केलं तर जरूर करा.

प्रश्न: ताई, मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे. विषय रात्रपाळीतल्या नर्सेसचा थकवा. एकतर चाळीस हजार रिझल्ट येतात नाहीतर शून्य. मधलं काही नाहीच का?

उत्तर: आहे ना. शून्य बहुतेक तेव्हा येतं जेव्हा आपण विषयाचं पूर्ण वाक्य तसंच पेस्ट करतो. डेटाबेसला वाटतं तुला हे सगळे शब्द एकत्र हवेत. आणि चाळीस हजार येतात कारण त्यातला एखादाच मोठा शब्द टाकला.

एक कागद घे आणि तीन रकाने पाड. एकात नर्स, एकात रात्रपाळी, एकात थकवा. आता प्रत्येकाखाली लोक ज्या ज्या नावाने ते म्हणत असतील ती नावं लिही. रात्रपाळीला कुणी नाइट शिफ्ट म्हणेल, कुणी नाइट वर्क, कुणी नुसतं शिफ्ट वर्क. थकव्याला फटीग, टायर्डनेस, एग्झॉशन. रकान्यातले शब्द ऑरने जोडायचे आणि कंसात टाकायचे, रकाने एकमेकांना अँडने जोडायचे. ऑरने जाळं पसरतं, अँडने आवळतं, नॉट मात्र जपून वापर कारण ते कामाचे पेपरही फेकून देतं. हे सगळं जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये मांडलेल्या तर्काच्या गणितावर चालतं, त्यांना कुठे माहीत होतं की नर्सेसच्या थकव्यासाठी कामी येईल! दोन-तीन शब्द सलग हवे असतील तर अवतरण चिन्हात टाक, आणि शब्दाच्या मुळाच्या शेवटी स्टार (*) दिलास की बऱ्याच डेटाबेसमध्ये नर्स, नर्सेस, नर्सिंग सगळं एकदम येतं.

तुझा विषय आरोग्याचा आहे म्हणून पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसमधली मेश ही शब्दसूची शिकून घे. लेखकाने पेपरात काहीही म्हणू दे, तिथे प्रत्येक कल्पनेला एक ठरलेलं नाव असतं. म्हणजे तू हार्ट अटॅक शोध, सूची तुला मायोकार्डियल इन्फार्क्शनवर नेते, आणि मग ज्या पेपरात हार्ट अटॅक हा शब्दच नाही तेही सापडतात. माझ्या अनुभवात पीएचडीच्या मुलांचे सगळ्यात जास्त दिवस या एका गोष्टीने वाचतात. पबमेडमधल्या सगळ्याच पेपरांना मात्र ही नावं दिलेली नसतात, म्हणून साधे शब्दही सोबत ठेव.

आणि एक चांगला पेपर हाती लागला की सर्च थोडा वेळ बंद कर. त्याच्या रेफरन्समधून मागे जा, आणि त्याला नंतर कुणी कुणी आपल्या रेफरन्समध्ये घेतलंय ते बघून पुढे ये. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला तो याच पुढे येण्यासाठी, आज गूगल स्कॉलरमध्ये ते एका क्लिकवर होतं. चार-पाच पेपर फिरून फिरून तेच यायला लागले की समज, तू त्या विषयाच्या मधोमध आलीस. प्रत्येक सर्चची तारीख, डेटाबेस आणि शब्द मात्र लिहून ठेव, थिसिस लिहिताना गाइड विचारणारच.

प्रश्न: वेबसाइट विश्वासार्ह आहे का हे बघायला मी मुलांना चेकलिस्ट देते. लेखक आहे का, तारीख आहे का, साइट प्रोफेशनल दिसते का. मुलं सगळ्यावर टिक करून भलत्याच साइट आणतात.

उत्तर: कारण फसवणारी साइट त्याच चेकलिस्टसाठी सजलेली असते. स्टॅनफर्डमध्ये सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी ४५ जणांना काही साइट्स पारखायला दिल्या. त्यात १० इतिहासकार होते, १० व्यावसायिक फॅक्टचेकर आणि २५ विद्यार्थी. बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकन संघटनांच्या साइट्स होत्या, एक १९३० पासूनची मोठी संघटना, दुसरी तिच्यातून मतभेदाने फुटून निघालेला लहानसा गट, नावं जवळपास सारखी. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारसुद्धा साइटवरच थांबले, लोगो बघितला, भाषा बघितली आणि चकले. फॅक्टचेकर काही सेकंदांत साइट सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि या संघटनेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधलं.

म्हणून चेकलिस्टच्या जागी मुलांना एकच सवय लावा, साइटवर विश्वास ठेवायच्या आधी साइटच्या बाहेर पडायचं. त्यासाठी विकिपीडियाही चालतो, खुशाल वापरू द्या, फक्त तिथे थांबू नका, खालच्या रेफरन्सपर्यंत जा. पेपरालाही हेच लागू. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८ चा लॅन्सेटमधला पेपर मोठ्या जर्नलमध्ये आला होता, लेखक होते, तारीख होती, सगळ्या टिक झाल्या असत्या. तो फक्त १२ मुलांवर होता आणि २०१० मध्ये जर्नलने तो मागे घेतला. पेपराचं नाव आणि रिट्रॅक्टेड असा एक सर्च प्रत्येक महत्त्वाच्या रेफरन्ससाठी करायला लावा, अर्धं मिनिट लागतं.

प्रश्न: पाहिजे तो पेपर नेमका पैसे मागतो. काय करायचं?

उत्तर: पैसे भरू नकोस, निदान लगेच तरी नाही. आधी आपल्या लायब्ररीच्या लॉगिनमधून बघ, बऱ्याचदा लायब्ररीने ते जर्नल घेतलेलं असतं आणि आपण बाहेरून उघडतो म्हणून पैसे मागतं. मग गूगल स्कॉलरमध्ये त्या पेपराखाली "सगळ्या आवृत्त्या" बघ, लेखकाच्या विद्यापीठाच्या साइटवर स्वीकारलेला मसुदा कायदेशीरपणे ठेवलेला असू शकतो. तिथेही नसेल तर लेखकालाच दोन ओळींचा मेल टाक, मी कोण, कशावर काम करतोय, तुमचा हा पेपर मिळेल का. बरेच लेखक आनंदाने पाठवतात. आणि तोवर इंटरलायब्ररी लोनचा फॉर्म भरून काउंटरवर देऊन ठेव, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येईल. त्याला काही दिवस लागतात, म्हणून सबमिशनच्या आदल्या दिवशी येऊ नकोस रे.